बिबट्या, वामन आणि खालांचा फोन

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इशाची नमाज आटोपून घरातली पुरुषमंडळी परतायच्या बेतात होती. तेवढ्यात मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्रफीत येऊन पडली. रात्रीची वेळ, विजेच्या खांबावरचा पिवळा दिवा, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कमानीखालून सावकाश चालत येणारा बिबट्या. कॅमेऱ्याकडे बघतो, शेपटी हलवतो आणि अंधारात शिरतो. सोबत मजकूर : 'दहा मिनिटांपूर्वीची. मुलांना आत घ्या.'

जुन्नर-आंबेगावात बिबट्या ही नवलाई नाही. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि उसातच बिबट्याच्या पिढ्या जन्मू लागल्या. माणिकडोहला तर त्यांचे निवारा केंद्रच आहे. पाहुणा आला की आम्ही त्याला शिवनेरी दाखवतो आणि संध्याकाळी सातनंतर शेताच्या वाटेने जाऊ नका म्हणून बजावतो. त्यामुळे त्या चित्रफितीवर कुणी शंका घेतली नाही. दारे लागली. पहाटे फज्रला मशिदीत नेहमीच्या निम्मीही माणसे नव्हती. दोन घरांतल्या मुलांची शाळा बुडाली.

खोटेपणा पकडला तो आठवीतल्या भाचीने. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन कमानीशेजारच्या दुकानाची पाटी पाहिली आणि म्हणाली, "अम्मी, ही अक्षरं वाचून दाखव बरं." खरेच, अक्षरे लांबून मराठीसारखी दिसत होती, जवळून कुठल्याच लिपीतली नव्हती. कुणीतरी गंमत म्हणून यंत्राकडून बिबट्या करवून घेतला होता.

गोष्ट इथे संपली असती तर हसून सोडून दिली असती. पण तीन आठवड्यांनी पुन्हा निरोप आला, की मळ्याच्या बाजूला बिबट्या दिसला. या वेळी सगळ्यांनी हसणारे चेहरे पाठवले. सकाळी एका घरची गाभण शेळी गेलेली होती. शेळीच्या जागी पोर असते तर? हा प्रश्न त्या घरातल्या बाईने विचारला आणि कुणाला उत्तर देता आले नाही.

त्या संध्याकाळी अब्बांनी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. जयंत नारळीकरांची कादंबरी, 'वामन परत न आला'. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हापासून ते पुस्तक पुन्हा वाचायचे अब्बांच्या मनात होते. "तुमचा बिबट्या यात आहे," ते म्हणाले. मग रोज जेवणानंतर अर्धा तास वाचन सुरू झाले. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, आणि मध्येच कुणी भांडायचे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका वैज्ञानिक प्रकल्पासाठी खोदकाम चालू असताना जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. ती आपल्या आधी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या मानवी संस्कृतीने मागे ठेवलेली. आत त्यांचे ज्ञान. ते उलगडता उलगडता शास्त्रज्ञ एक यंत्रमानव उभा करतात, तोच वामन. हुशार, नम्र, न थकणारा. सगळे त्याच्यावर खूश. पुढे या ज्ञानावर डोळा ठेवून असलेले लोक येतात, सरकार येते, गुप्तता येते. आणि एक प्रश्न येतो, ज्याने कादंबरीला खरी धार चढते : वामनाला स्वतःसारखे आणखी वामन घडवायचे आहेत. घडवू द्यावेत का? आणि ज्यांनी ही पेटी पुरली, ते इतके शहाणे लोक गेले कुठे? शेवट सांगत नाही. बळीकडे तीन पावले जमीन मागणाऱ्या वामनाची कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. हे नाव लेखकाने उगीच ठेवलेले नाही, एवढे म्हटले की पुरे.

ही कादंबरी १९८० च्या दशकातली. त्या काळी आमच्या गल्लीत एकच टेलिफोन होता आणि तोही बहुतेक वेळा बंद असे. तेव्हा हा माणूस यंत्राने स्वतःच्या नकला काढण्याविषयी लिहीत होता. यंत्रमानवांचे बंड हा विषय तसा जुना. 'रोबोट' हा शब्दच १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून जगभर गेला, आणि त्या नाटकातही यंत्रे उलटतातच. नारळीकरांचे वेगळेपण असे की त्यांच्या कादंबरीत धोका बाहेरून येत नाही. माणसे आपापल्या कारणांनी एकेक दार उघडतात. कुणाला कीर्ती हवी, कुणाला देशाची ताकद, कुणाला पैसा.

नारळीकरांचे आणि आमच्या तालुक्याचे नाते केवळ वाचनाचे नाही. खोडदची दुर्बीण आमच्याच भागातली. ती पुण्याच्या रेडिओ खगोलशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राची. नारळीकरांची 'आयुका' ही त्याच आवारातली शेजारची संस्था, १९८८ साली त्यांनी उभी केलेली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचे दार सर्वांना खुले होते, तेव्हा शाळांच्या गाड्यांची रांग लागते. या वर्षी आम्हीही पोरांना घेऊन गेलो. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली. तबकडीला पत्रा न लावता बारीक तारांची जाळी ताणून बसवायची, ही त्यांची शक्कल. वजन कमी, खर्च कमी, आणि वारा आरपार. कांद्याच्या शेतापलीकडे तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी असते, तेव्हा विज्ञानकथा वाचायला पुस्तक उघडावे लागत नाही.

तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाने मुलांना सांगितलेली गोष्ट मात्र आम्ही घरी घेऊन आलो. ही दुर्बीण बघत नाही, ऐकते. आणि आकाशातून येणारी हाक इतकी क्षीण असते की जवळपासचा मोबाइल, विजेच्या तारेवरची ठिणगी, गाडीचे इंजिन, काहीही तिला दाबून टाकते. म्हणून त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा म्हणजे खोटे संकेत ओळखून बाजूला काढणे. ताऱ्याकडून आले ते ठेवायचे, नारायणगावच्या बाजूने आले ते टाकायचे. भाचीने लगेच विचारले, "मग तुम्हाला बिबट्याची क्लिप दाखवली असती तर?" तो हसला. म्हणाला, "आम्ही आधी विचारतो, हे कुठून आलं? काय आलं ते नंतर."

दुर्बिणीची ही शांतता फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग आमच्या बाजूने आखला होता. दुर्बिणीला त्रास होईल म्हणून तो बदलायची भाषा खुद्द रेल्वेमंत्र्यांनी केली, तेव्हा इथे बरीच नाराजी उसळली. रेल्वे हवी की आकाश ऐकायचे? नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाला हा प्रश्न विज्ञानाचा वाटत नाही, पोटाचा वाटतो, आणि त्यात त्याचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. भविष्य कुणाच्या रानातून जाणार हे ठरते राजकारणात. आंबेगावकरांना हे वेगळे सांगायला नको. डिंभे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव तेवढे वर तरंगत राहिले.

आता गुन्ह्याकडे येऊ. 'वामन' मधले गुन्हेगार यंत्र पळवायला टपलेले असतात. आमच्या घरावर आलेल्या गुन्हेगाराला काही पळवावे लागले नाही. त्याला फक्त एक आवाज पुरला. मंचरला आमच्या एक खाला राहतात, वय सत्तरीच्या पुढे. एका दुपारी त्यांना फोन आला. आवाज पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याचा, हुबेहूब. "खाला, गाडी ठोकली, मी दवाखान्यात आहे, अम्मीला सांगू नका, ती घाबरेल." मागे गाड्यांचा आवाज, कुणाचे तरी कण्हणे. पैसे कुठे पाठवायचे ते दुसऱ्या माणसाने सांगितले. खालांनी शेजारच्या मुलाकडून अठरा हजार रुपये पाठवून दिले. उमऱ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले. भाचा त्या वेळी कचेरीत बसून डबा खात होता.

दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितले नाही. अशा वेळी १९३० या सरकारी क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. आमचा फोन तिसऱ्या दिवशी गेला. पैसे परत आले नाहीत. पण खालांचे दुःख पैशांचे नव्हतेच. "ज्याला मी मांडीवर खेळवलं, त्याचा आवाज मला ओळखू आला नाही," हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत. आम्ही समजावले की आवाज त्याचाच होता, त्याच्या लग्नाच्या व्हिडिओतून किंवा कुठून तरी उचललेला, बोलत मात्र दुसरेच कुणी होते. यावर त्या म्हणाल्या, "मग तर आणखीच वाईट."

खालांचे ते वाक्य आम्हाला कादंबरीच्या पुढे घेऊन गेले. नारळीकरांना भीती होती ती यंत्राच्या इच्छेची, वामनाला काहीतरी हवे होते. आमच्या दारात आलेल्या यंत्राला काहीच नको आहे. त्याला बिबट्याही नको, खालांचे पैसेही नकोत. इच्छा सगळ्या माणसांच्या आहेत, जुन्याच आहेत, फक्त त्यांना आता न थकणारा नोकर मिळाला आहे. अब्बांना हे पटले नाही. ते म्हणाले, "कादंबरीतही आधी माणसांचीच इच्छा होती." वाद तिथेच राहिला, आणि अजूनही मिटलेला नाही.

त्या वादात आमच्या वहिनींनी आणखी एक पुस्तक आणून टाकले. पुस्तक कसले, वीसेक पानांची कथा, पण आपल्या घरांत ती पोहोचायलाच हवी. 'सुलतानाचे स्वप्न'. लेखिका बेगम रुकैया सखावत हुसैन, बंगालमधल्या. ही कथा त्यांनी इंग्रजीत लिहिली आणि १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात ती छापून आली. रुकैयांना शाळेत जाता आले नव्हते. भाऊ रात्री दिव्याच्या उजेडात इंग्रजी शिकवायचा, तेवढेच शिक्षण. पुढे त्यांनीच मुलींसाठी शाळा काढली, ती कोलकात्यात आजही आहे. कथेत सुलताना स्वप्नात एका अशा देशात जाते जिथे पुरुष मर्दानखान्यात आणि बायका राज्यकारभारात. बायकांच्या विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढायचे यंत्र काढले आहे, दुसरीने सूर्याची उष्णता साठवून ठेवली आहे. त्याच उष्णतेवर स्वयंपाक, धूर नाही की कोळसा नाही. आणि गुन्हे? ते बंद झाले, कारण गुन्हे करणारेच आत आहेत. पोलिसाची गरज उरलेली नाही.

आमच्या घरातल्या पुरुषमंडळींना ही व्यवस्था अजिबात आवडली नाही. "निरपराध माणसाला कोंडायचं हा कुठला न्याय?" असे एकाने विचारताच वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हेच तर रुकैया विचारतायत." खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग चहा आला.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. रुकैयांच्या गोष्टीत यंत्रे कुणाच्या हातात आहेत हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. 'वामन' मध्ये ते शेवटपर्यंत ठाऊक नसते. आपण आज 'वामन' मध्ये राहतो आहोत, आणि स्वप्न मात्र रुकैयांचे बघायचे आहे. आणखी एक खंतही इथेच नोंदवतो. मराठी विज्ञानकथा आम्ही आवडीने वाचतो, पण आमच्या वाचनात आलेल्या कथांत भविष्यातल्या प्रयोगशाळेत, अंतराळयानात, मंत्रिमंडळात आपल्यासारख्या नावाचा माणूस क्वचितच भेटतो. तक्रार लेखकांकडे नाही. आपल्या घरांतून अशी कथा लिहून कुणी पाठवली आहे का, हा प्रश्न आधी आपल्यालाच आहे.

नारळीकरांनी पहिली कथा पाठवली त्याची गंमत अनेकांना माहीत असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' लिहिली. तोवर त्यांचे नाव जगभर झालेले. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. बक्षीस मिळाले. खोटे नाव, दुसऱ्याचे हस्ताक्षर, आणि तरी व्यवहार अगदी सच्चा. कारण लपवालपवी होती ती स्वतःचा फायदा टाळण्यासाठी. आमच्या भाचीने हे ऐकून विचारलेला प्रश्न आम्हाला अजून सतावतो आहे : "मग आता स्पर्धेत कुणी कथा पाठवली तर ती माणसानं लिहिली हे परीक्षकांना कसं कळणार?"

तिच्या प्रश्नाला कारण होते. मागे एका चित्रकला स्पर्धेत तिने शिवनेरीच्या पायथ्याचे चित्र पाठवले. आठ दिवस खपून काढलेले, जलरंगात. आयोजकांपैकी कुणीतरी म्हणाले, हे इतके चांगले आहे की यंत्राने केले असेल. बक्षिसाचे राहू द्या, त्या मुलीने पुढचे दोन महिने ब्रश हातात धरला नाही. नकलेचा हा तोटा आमच्या लक्षात आला नव्हता. खोट्यामुळे खोटे खरे वाटते एवढेच नव्हे, खरेही खोटे ठरते. शेळीचे तेच झाले, चित्राचेही तेच.

खरे तर हा प्रश्न जुन्नरला नवा नसावा. हे गाव एके काळी हातकागदासाठी नावाजलेले. कागद करणारे कागदी लोक आपलेच, मुसलमान. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरांत जात असे. लगदा करायचा, हौदात चाळण बुडवून ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. मग गिरणीचा कागद आला, स्वस्त, एकसारखा, हवा तेवढा. हौद बुजले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा हुन्नर अजून तग धरून आहे, आमच्याकडे फक्त आडनावांत उरला. हा त्या काळचा वामन, असे अब्बा म्हणतात. पण त्यांनीच दुसरी बाजूही सांगितली. कागद आला तसा खोटा कागदही आला. वतनाच्या भांडणात बनावट सनदा पुढे केल्या जात. म्हणून तर अक्षराचे वळण, शाई, तारीख बघायची पद्धत पडली, 'शिक्कामोर्तब' हा शब्द रूढ झाला. लोकांनी कागद वापरणे थांबवले नाही, कागद तपासायला ते शिकले.

तपासायचे शिक्षण तर आपल्या घरांत याहून जुने आहे. हदीस सांगताना केवळ मजकूर सांगून भागत नाही. हे कुणी कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून, ही सनद लागते. साखळीत एक जण लबाड किंवा विसराळू निघाला की मजकूर कितीही गोड असो, बाजूला ठेवला जातो. इमाम बुखारींसारख्यांनी आयुष्ये यात घालवली. खोडदच्या त्या तरुणाने जे सांगितले, कुठून आले ते आधी आणि काय आले ते नंतर, ते ऐकून अब्बा म्हणाले होते, "हा तर मुहद्दिस आहे."

आणि आपल्याला हे शिकणे इतरांपेक्षा अधिक गरजेचे का, हे उघड बोलले पाहिजे. निवडणुकीच्या दिवसांत एक क्लिप फिरली. टोपी घातलेली चार पोरे काहीबाही घोषणा देताहेत. गाव कुठले ते दिसत नव्हते, बोलीही आपल्याकडची नव्हती. पण मजकुरात आमच्या भागाचे नाव होते. दोन दिवस मोहल्ल्यातली तरुण मुले बाजारात खाली मान घालून गेली. शेजारच्या मळ्यातले एक काका, ज्यांच्याशी आमचे तीन पिढ्यांचे येणेजाणे आहे, दारात येऊन म्हणाले, "हे खरं आहे का रे? तुम्ही सांगाल ते मी मानीन." त्यांनी विचारले हेच आम्हाला केवढे वाटले. न विचारणारे किती असतील ते मोजायचे धाडस झाले नाही. आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमच्याच ग्रुपवर दुसऱ्यांविषयीची तशीच एक क्लिप आली, ती आमच्यातल्या एकाने न तपासता पुढे ढकलली होती. तिची सनद आम्ही कुठे विचारली?

सध्या घरात तीन गोष्टी ठरल्या आहेत. आलेली चित्रफीत ज्याने पाठवली त्याला 'तुम्हाला कुणी दिली' असे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तीन पायऱ्या मागे जायचे, नाही जाता आले तर ती आमच्याकडे संपली. भाची आता चित्र काढताना अर्धवट अवस्थेतले कागदही जपून ठेवते, पेन्सिलच्या पहिल्या रेघेपासून. नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. तिला ते फार आवडले. ती खोडदच्या शास्त्रज्ञांना पोस्टकार्ड लिहिणार आहे, स्वतःच्या अक्षरात. प्रश्न अजून ठरायचा आहे.

तिसरी गोष्ट खालांसाठी. घरातल्या सगळ्यांचा एक गुपित शब्द ठरवला. अडचणीचा फोन आला की तो शब्द विचारायचा, न सांगितला तर फोन ठेवायचा. परवा मंचरहून खालांचा फोन आला. भाचीने उचलला.

"बेटा, तो आपला शब्द काय ठरला होता गं? मी विसरले."

"आधी सांगा," भाची म्हणाली, "तुम्ही खालाच कशावरून?"